लीग ऑफ लेजंड्सच्या विश्वावर येऊ घातलेल्या एमएमओकडून खेळाडूंच्या नेमक्या अपेक्षा काय आहेत आणि त्यांवरून एवढे वाद का होतात?

आपण विचारले आहे की, ज्या खेळाचे नावसुद्धा जाहीर झालेले नाही त्या, लीग ऑफ लेजंड्स बनवणाऱ्या रायट गेम्सच्या एमएमओवरून (म्हणजे असंख्य लोक एकाच ऑनलाइन जगात एकत्र खेळतात अशा खेळावरून) लोक वर्षानुवर्षे वाद का घालत आहेत, त्यांना नक्की हवे तरी काय, आणि या खेळाची वाट पाहण्यात अर्थ आहे का. माझ्या मते हे वाद वरवर लढाईच्या पद्धतीबद्दल, पैसे आकारण्याच्या रीतीबद्दल किंवा पात्रांच्या निवडीबद्दल असले, तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: या जगात एका खेळाडूला दुसऱ्या खेळाडूची गरज किती पडावी? मी या प्रकारचे खेळ बरीच वर्षे हीलर म्हणून खेळत आले आहे. ज्याचे सगळे काम इतरांना जगवण्याचे, तो खेळाडू या प्रश्नाकडे तटस्थपणे पाहू शकत नाही, हे लक्षात घेऊनच माझे उत्तर वाचावे.

आधी थोडी पार्श्वभूमी. डिसेंबर 2020 मध्ये ग्रेग स्ट्रीट यांनी ट्विटरवरून जाहीर केले की, रायट एक एमएमओ तयार करत आहे. स्ट्रीट हे त्यापूर्वी ब्लिझार्ड या कंपनीत वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या गाजलेल्या एमएमओचे प्रमुख सिस्टिम्स डिझायनर (खेळाचे नियम ठरवणारे) होते आणि ‘घोस्टक्रॉलर’ या नावाने खेळाडूंशी थेट बोलत असत, त्यामुळे ही घोषणा ऐकताच जुन्या खेळाडूंच्या आशा एकदम उंचावल्या. मार्च 2023 मध्ये त्यांनी रायट सोडले. पुढे मार्च 2024 मध्ये रायटचे सहसंस्थापक मार्क मेरिल यांनी कळवले की, प्रकल्पाची दिशा काही काळापूर्वीच नव्याने आखायला घेतली आहे, कारण मूळ कल्पना आज खेळता येणाऱ्या खेळांपेक्षा पुरेशी वेगळी वाटत नव्हती. फॅब्रिस कोन्दोमिनास यांच्याकडे नेतृत्व दिल्याचे सांगून, यापुढे कदाचित अनेक वर्षे आम्ही गप्प राहू, असेही त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकले.

कंपनी गप्प असली की ती रिकामी जागा खेळाडू स्वतःच्या इच्छांनी भरतात. इथे तर भरायला सामग्रीही भरपूर आहे. लीग ऑफ लेजंड्स 2009 मध्ये आला, आणि तेव्हापासून रूनटेरा या त्याच्या काल्पनिक जगात डेमासिया, नॉक्सस, फ्रेलयॉर्ड, शुरिमा, आयोनिया, बिल्जवॉटर अशा प्रदेशांचा इतिहास रचला गेला. पण मूळ खेळ एकाच नकाशावरच्या पाच विरुद्ध पाच लढाईचा असल्यामुळे ते प्रदेश पायी हिंडून पाहण्याची सोय त्यात कधीच नव्हती. नोव्हेंबर 2021 मध्ये याच जगावर आधारित आर्केन ही मालिका आली आणि ज्यांनी लीग कधी खेळलेच नव्हते तेही तिच्यातल्या पिल्टोव्हर व झॉन या शहरांच्या प्रेमात पडले. परिणामी आज या खेळाची वाट पाहणाऱ्यांमध्ये किमान तीन प्रकारचे लोक आहेत: वॉरक्राफ्टला कंटाळलेले जुने एमएमओ खेळाडू, चुरशीच्या स्पर्धेची सवय असलेले लीगचे खेळाडू, आणि केवळ कथेसाठी येऊ पाहणारे प्रेक्षक. या तिघांना एकाच खेळात सुखाने नांदवणे फार अवघड आहे, आणि माझ्या मते निम्मे वाद या एका अडचणीतूनच जन्म घेतात.

उदाहरणार्थ, यासुओ किंवा जिंक्स अशा लीगमधल्या नामांकित पात्रांच्या रूपात खेळता यावे की स्वतःचे पात्र घडवावे, हा वाद घ्या. एमएमओच्या दृष्टीने मला यात शंका वाटत नाही. एकाच चौकात शेकडो जिंक्स उभ्या असतील, तर त्या जगावर कोण विश्वास ठेवेल? नामांकित पात्रे वाटेत भेटावीत आणि आपण त्या जगातले एक साधे रहिवासी असावे, हेच योग्य. गटांचा प्रश्न मात्र इतका सोपा नाही. डेमासिया आणि नॉक्सस यांचे वैर इतके मुरलेले आहे की, वॉरक्राफ्टमधील अलायन्स आणि होर्डप्रमाणे खेळाडूंची दोन गटांत विभागणी करावी असे अनेकांना मनापासून वाटते. परंतु वॉरक्राफ्टनेच ती भिंत जवळपास अठरा वर्षे सांभाळल्यावर 2022 मध्ये डंजन (लहान टोळीने एका बंदिस्त जागेत करायची मोहीम) व रेड (तशीच मोठ्या टोळीची मोहीम) यांसारख्या ठिकाणी खाली घेतली, कारण मित्र दोन बाजूंना विखुरले जात होते आणि ज्या सर्व्हरवर (खेळाच्या जगाची स्वतंत्र प्रत चालवणाऱ्या संगणकावर) एक गट दुबळा झाला तिथे त्या गटाच्या लोकांना सोबतीच मिळेनासे झाले होते. ज्याने ही विभागणी सर्वांत यशस्वीपणे राबवली, त्यालाच ती अखेरीस जड झाली, याकडे नव्या खेळाच्या कर्त्यांनी दुर्लक्ष करू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. वॉरक्राफ्टमध्ये 2009 च्या डिसेंबरपूर्वी पाच जणांच्या डंजनमध्ये जायचे तर चॅटवर हाका मारून टँक (शत्रूचे वार स्वतःवर घेणारा) आणि हीलर शोधावे लागत, मग निदान दोघांनी प्रवास करत डंजनच्या दारापर्यंत जाऊन तिथल्या दगडाजवळून उरलेल्यांना बोलावून घ्यावे लागे. यात कधी कधी अख्खी संध्याकाळ जाई. त्या डिसेंबरमध्ये डंजन फाइंडर आला. एक बटण दाबले की वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच अनोळखी लोक एकत्र येत आणि थेट आत पोहोचत. ज्याला दिवसातून तासभरच मिळतो, अशा नोकरदार खेळाडूसाठी ती मोठीच सोय होती. मात्र त्याच सोयीने एक गोष्ट काढून घेतली. पूर्वी सर्व्हरवर माणसाचे नाव असे. लूट पळवणारा टँक किंवा रागावून मध्येच निघून जाणारा हीलर लोकांच्या लक्षात राही, आणि चांगला सोबती भेटला तर त्याला पुन्हा हाक मारता येई. फाइंडर आल्यावर ते पाच जण काम उरकून निघून जाऊ लागले, बरेचदा एक शब्दही न बोलता.

हा वाद किती जिवंत आहे, हे पुढच्या घटनांवरून दिसते. ऑगस्ट 2019 मध्ये वॉरक्राफ्टची जुनी आवृत्ती ‘क्लासिक’ म्हणून परत आणली तेव्हा तीत डंजन फाइंडर नव्हता, आणि त्या संथपणासाठीच असंख्य लोक परतले. 2022 मध्ये त्याच क्लासिकमध्ये लिच किंगचा विस्तार (खेळाला जोडलेला नवा भाग) आला, तेव्हा ब्लिझार्डने मूळ विस्तारात असलेला फाइंडर हेतुपुरस्सर वगळला. त्यावर इतकी खडाजंगी झाली की 2023 मध्ये तो द्यावाच लागला. म्हणजे ज्यांनी मुद्दाम जुना खेळ निवडला, त्यांच्यातही या एका बटणावर एकमत झाले नाही. रायटच्या खेळाबद्दल ‘जुन्या काळासारखा समाज हवा’ आणि ‘माझा वेळ वाया घालवू नका’ या दोन मागण्या एकाच वेळी, कित्येकदा एकाच माणसाकडून येतात, आणि दोन्ही रास्त आहेत. मी स्वतः त्या दोन्ही करते.

यातून मार्ग निघू शकतो, असे मला दोन खेळांकडे पाहून वाटते. फायनल फँटसी 14 मध्येही आपोआप टोळी जमवण्याची सोय आहे, पण जुन्या खेळाडूंनी रोज एखाद्या अनिश्चित, बहुधा जुन्या डंजनमध्ये जावे म्हणून त्यांना चांगले बक्षीस मिळते. त्यामुळे आज सुरुवात करणाऱ्या नवख्यालाही वर्षांपूर्वीच्या डंजनसाठी सोबती मिळतात, आणि टोळीत कोणी नवखा असेल तर इतरांना जादा लाभ होत असल्याने त्याचे स्वागतच होते. 2012 मध्ये आलेल्या गिल्ड वॉर्स 2 ने आणखी मुळाशी हात घातला. तिथे एकाच राक्षसाला मारणाऱ्या प्रत्येकाला स्वतःची लूट मिळते, खाणीतले खनिज एकाने काढले तरी दुसऱ्यासाठी ते शिल्लक राहते, आणि रस्त्यात पडलेल्या अनोळखी माणसाला उठवले तर उठवणाऱ्याला अनुभवाचे गुण मिळतात. दुरून कोणी येताना दिसला तर तो आपला वाटा कमी करील अशी भीती तिथे वाटत नाही, उलट हायसे वाटते. नियम बदलले की माणसांचे एकमेकांशी वागणे कसे बदलते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. मात्र याच खेळाने सुरुवातीला टँक-हीलर-मारेकरी ही ठरीव विभागणी मोडून काढली आणि 2015 मध्ये रेड आणल्यावर त्याला तशाच भूमिकांकडे वळावे लागले, हेही नमूद करायला हवे. ‘त्रिकूट नको’ म्हणणाऱ्यांनी त्यापासून बोध घ्यावा.

काठिण्याबद्दल फार लिहीत नाही. वाइल्डस्टार हा एमएमओ 2014 मध्ये चाळीस जणांच्या अतिकठीण रेडचा झेंडा घेऊन उतरला आणि 2018 मध्ये बंद पडला. कठीण रेड असाव्यात, पण सगळा खेळ त्यांच्यासाठी बांधू नये.

पैशांचा वाद मात्र टाळता येणार नाही. वॉरक्राफ्ट दरमहा वर्गणी घेतो आणि 2010 मध्ये त्याचे 1 कोटी 20 लाख वर्गणीदार होते. गिल्ड वॉर्स 2 वर्गणी घेत नाही. रायटचे लीग व व्हॅलोरंट (नेमबाजीचा खेळ) हे दोन्ही खेळ फुकट असून कंपनीची कमाई प्रामुख्याने स्किनमधून, म्हणजे पात्रांच्या शोभेच्या पोशाखांमधून होते. म्हणून बहुतेकांचा अंदाज असा की एमएमओही फुकट असेल. मला याची थोडी काळजी वाटते. पाच विरुद्ध पाचच्या सामन्यात विकत घेतलेल्या पोशाखाने काही बिघडत नाही, परंतु एमएमओमध्ये अंगावरचे चिलखत हीच त्या माणसाची कहाणी असते: हे कोणत्या रेडमध्ये मिळाले, किती आठवडे लागले, सोबत कोण होते. सर्वांत देखणी वस्त्रे दुकानात ठेवली, तर ती कहाणी पुसली जाते. शक्ती विकली तर त्याहून वाईट. त्यामानाने माफक वर्गणी किंवा एकदाच घेतलेली किंमत मला अधिक प्रामाणिक वाटते, जरी दरमहा पंधरा डॉलर इथल्या विद्यार्थ्याला परवडत नाहीत हेही तितकेच खरे आहे. भारतासाठी वेगळा दर ठेवणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे.

महाराष्ट्रातल्या खेळाडूने एका प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे, आणि तो म्हणजे सर्व्हर कुठे असेल. फायबर केबलमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर सुमारे 3900 किलोमीटर धरले, तर जाऊन-येऊन 39 मिलिसेकंदांपेक्षा कमी पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) शक्यच नाही, आणि केबल सरळ रेषेत जात नसल्यामुळे प्रत्यक्षात तो बराच जास्त असतो. युरोपसाठी आकडा आणखी वाढतो. बरेच लोक या खेळात वेगवान, नेम धरून मारण्याची आणि वेळ साधून वार चुकवण्याची लढाई मागतात. माझी हरकत नाही, पण दीडशे मिलिसेकंदांच्या पिंगवर तशी लढाई म्हणजे आधीच हरलेली लढाई. व्हॅलोरंटसाठी रायटने मुंबईत सर्व्हर दिले, म्हणून इथे तो खेळ रुजला. एमएमओसाठी तसे होणार का, हा प्रश्न आपण भारतीय खेळाडूंनी आतापासून विचारत राहायला हवा. याच ओघात व्हॅनगार्डचा उल्लेख करते. संगणकाच्या अगदी आतल्या थरात चालणारी ही फसवणूक-रोधक प्रणाली 2024 मध्ये लीगलाही लावली गेली आणि लिनक्स या संगणक-प्रणालीवर लीग खेळणाऱ्यांची वाट बंद झाली. बॉट (माणसाऐवजी खेळणारे प्रोग्राम) आणि खेळातल्या सोन्याचा काळाबाजार यांनी एमएमओची अर्थव्यवस्था कशी पोखरली जाते हे मी पाहिले असल्याने कडक बंदोबस्त मला हवा आहे. तरीही खासगीपणाबद्दलची लोकांची भीती निराधार नाही.

राहिला प्रश्न वाट पाहण्याचा. दिशा नव्याने आखली म्हणजे खेळ बुडाला, असे मी मानत नाही. फायनल फँटसी 14 तर 2010 मध्ये प्रसिद्ध होऊन फसला होता, तो 2012 मध्ये बंद करून नाओकी योशिदा यांच्या देखरेखीखाली पुन्हा बांधला गेला आणि 2013 पासून आजवर टिकला आहे. दुसऱ्या बाजूला, ब्लिझार्डने टायटन नावाचा एमएमओ सात वर्षे खपून रद्द केल्याचे 2014 मध्ये जाहीर केले, आणि खुद्द रायटने 2025 मध्ये हायटेल या खेळाचे काम थांबवले होते. अॅमेझॉनच्या न्यू वर्ल्ड या एमएमओवर 2021 मध्ये पहिल्याच आठवड्यात स्टीमवर (खेळांच्या ऑनलाइन दुकानावर) एका वेळी 9 लाखांहून अधिक लोक होते. 2025 मध्ये त्याला नवी भर घालणेच बंद झाले. उद्घाटनाची गर्दी आणि त्या जगाचे आयुष्य यांचा संबंध किती क्षीण असतो, ते यावरून दिसावे.

म्हणून माझा सल्ला असा की, या खेळासाठी आजचे खेळ सोडून बसू नका. पहिली माहिती बाहेर येईल तेव्हा लढाईची चित्रफीत जरूर पाहा, परंतु त्याहून बारकाईने हे शोधा की शेवटची लेव्हल गाठल्यावर रोज करण्यासारखे काय आहे, टोळी कशी जमते, मदत करणाऱ्याला काय मिळते, आणि आपल्याला सर्वांत जवळचा सर्व्हर कोणता. तोवर फायनल फँटसी 14 ची मोफत आवृत्ती 70 व्या लेव्हलपर्यंत खेळता येते आणि गिल्ड वॉर्स 2 चा मूळ भागही फुकट आहे. या दोन्हींपैकी भारतातून मी आधी फायनल फँटसी सुचवीन, कारण तिथे बहुतेक वारांमध्ये अडीच सेकंदांचे अंतर असते आणि जास्त पिंग असतानाही हीलर आपले काम नीट करू शकतो. गिल्ड वॉर्स 2 साठी युरोपचे सर्व्हर निवडावे लागतील आणि वार चुकवायला थोडे आधीच उडी मारण्याची सवय करावी लागेल.