अभिजात साहित्यातल्या नायकांमध्ये एवढे दोष का असतात?

कारण दोष नसलेल्या माणसाची गोष्ट पुढे सरकतच नाही. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की मोठा लेखक दोष नेमका कुठे ठेवतो.

गडकऱ्यांचा 'एकच प्याला' घ्या. सगळे म्हणतात, दारूवरचं नाटक. मी कॉलेजात असताना सदाशिव पेठेतल्या खोलीवर एका रात्रीत वाचलं तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. मागच्या पावसाळ्यात पुन्हा वाचलं आणि पहिल्या अंकातच अडकलो. सुधाकर बुद्धिमान वकील, स्वकष्टानं वर आलेला. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळ जाते, आणि ते त्याला सोसवत नाही. तळीराम प्याला पुढे करतो तो नंतर. म्हणजे खरा दोष दारू नव्हेच, दुखावलेला मानीपणा. ज्या ताठपणानं त्याला वर आणलं, तोच त्याला खाली नेतो. तिकडे सिंधू लोकांची दळणं दळते आणि नवऱ्याबद्दल वावगा शब्द काढत नाही. तिचं हे सोसणं गुण की दोष, यावर आमच्या घरी अजून वाद होतात. मला तो दोषच वाटतो.

महाभारतातही तेच. युधिष्ठिर एकदा सर्वस्व हरतो, ते परत मिळतं, आणि दुसऱ्यांदा बोलावल्यावर पुन्हा पटावर जाऊन बसतो. समजत नव्हतं असं नाही. धर्मराजच तो.

सुरुवात करायची असेल तर सुधाकरापासून करा, आणि पहिला अंक सावकाश वाचा.