आजोबांचा ड्रमसेट: काय पुसायचं, काय राहू द्यायचं

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाले, एकेक मोठा करून पाहिला. फोनवर तू मध्येच "पण काका" सुरू करतेस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून हे पत्र. सवडीने वाच.

तुझ्यासमोर दोन सल्ले आहेत. मामा म्हणतो, कुडाळला गाड्या रंगवणाऱ्याकडे नेऊ, नवं क्रोम चढवू, ड्रमवर गुंडाळून चिकटवलेलं जुनाट आवरण, म्हणजे रॅप, खरवडून नवा लावू, सेट शोरूममधून आणल्यासारखा दिसेल. आणि जुनी वाद्यं जमवणारा तुझा मुंबईचा मित्र बजावतो की कशालाही हात लावू नकोस, आहे तसा ठेव. मामाचं ऐकायचं नाही हे तुला कळलेलंच आहे, त्याला न दुखवता सांगायचं कसं एवढाच तुझा प्रश्न दिसतो. मला काळजी दुसऱ्या सल्ल्याची वाटते, कारण तो शहाणपणाचा वाटतो.

लंडनच्या कोरड्या, ऊबदार खोलीत ठेवलेला ड्रम दहा वर्षांनी बराचसा तसाच असतो. वेंगुर्ल्यात नसतो. खारा वारा काय करतो ते तुझ्या घरच्या खिडकीच्या गजांना विचार. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ आपणहून पाणी ओढून ओलं होतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात तर सोडच, एरवीही कितीतरी रात्री ती तेवढी असते. म्हणजे आजोबांचा सेट माळ्यावर नुसता पडून होता असं तू म्हणतेस, तेव्हा तो पडून नव्हता, रोज थोडा खाल्ला जात होता. किनाऱ्यावर हात न लावणं म्हणजे जतन नव्हे. इथे काहीच न करणं हासुद्धा एक निर्णय असतो, आणि बहुतेक वेळा वाईट.

म्हणून 'पूर्ववत करू की जपून ठेवू' हा प्रश्न आख्ख्या सेटला विचारूच नकोस. एकेक भाग हातात घे आणि एवढंच बघ: हे झालेलं आहे की अजून चालू आहे? काडीच्या माराने ड्रमच्या तोंडावरच्या धातूच्या रिंगेवर पडलेले खळगे, बास ड्रमच्या हूपवर, म्हणजे कडेच्या कड्यावर, पेडल आवळून घासलेली जागा, फ्लोअर टॉमच्या, म्हणजे पायांवर उभ्या राहणाऱ्या ड्रमच्या, कडेला सिगारेटचा डाग, हे सगळं होऊन गेलंय. ते वाढणार नाही. तिथे कापडसुद्धा जोरात फिरवू नकोस. पण गंज, बुरशी, घूण, सुटत चाललेले प्लायचे थर यांचं काम आज रात्रीही चालू राहील. ते थांबवायला हात लावावाच लागेल.

झांजांवर हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. तिन्ही झांजा काळपट तपकिरी झाल्यात, आणि मामीने चिंच नाहीतर आमसूल लावून देवाच्या भांड्यांसारख्या लखलखीत करायची तयारी दाखवली असणार. नको. चांगल्या झांजेचं कांसं म्हणजे साधारण ऐंशी टक्के तांबं आणि वीस टक्के कथील. त्यावर चढलेला तो काळपट थर पक्का बसलेला असतो आणि आतल्या धातूला आडोसा देतो. घासलीस तर थर जाईल, छाप्याची शाई जाईल, आणि नवी चकाकी दोन पावसाळेही टिकणार नाही. पण मोठ्या झांजेच्या घुमटाखाली, भोकाच्या बाजूला, फिकट हिरवी पूड दिसते आहे. बोटाला लागते का बघ. लागली तर तो थर नव्हे, मिठाने लावलेला रोग आहे, आणि तो तांबं खात राहतो. तेवढीच जागा डिस्टिल्ड वॉटरने मऊ ब्रशने धू, पंख्याखाली पूर्ण वाळव, वर मेणाचं पातळ बोट फिरव. बाकीची झांज आहे तशी. एकाच झांजेवर दोन जागी दोन वेगळे निर्णय झाले, बघ.

क्रोमबद्दल थोडक्यात. चकाकणारा क्रोमचा थर मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, खाली निकेल आणि त्याखाली पोलाद. गंज आतून बारीक छिद्रांतून वर येतो. ओल्या फडक्याने आधी मीठ पुसून काढ, मग ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा साध्या पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरव. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत. सुकव, मशीनच्या तेलाचा हात दे. खळगे राहतील, राहू देत. पुन्हा क्रोम चढवायचा विषय मामाजवळ काढलाच तर त्याला एवढंच सांग की लग, म्हणजे रिंगेचे स्क्रू ज्यात बसतात ते ड्रमच्या अंगावरचे तुकडे, जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव आहेत. जुनं क्रोम उतरवायला आम्लात टाकले की जस्तच विरघळतं आणि कडा बोथट झालेले लग घरी येतात. यंत्रातलं कारण दिलं की मामा ऐकतो, भावनेचं दिलं की वाद घालतो.

आता रॅप, ज्याच्यावरून तुमच्या घरात खरं भांडण आहे. तो मोत्यासारखा, आता पिवळट झालेला पांढरा रॅप बहुधा सेल्युलॉइडचा आहे. खात्री करायची असेल तर आतल्या बाजूला दुमडलेल्या कडेवर अंगठा जोरात घासून गरम कर आणि लगेच हुंग. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, कारण ते बनवताना त्यात कापूरच घालायचे. वर्षानुवर्षं तो कापूर उडत जातो आणि रॅप आक्रसतो. तुझ्या फोटोत जोडाजवळ नखाएवढी फट दिसते ती त्यामुळे. गोंद लावून आणि दोरीने आवळून ती फट मिटवायला गेलीस तर रॅप दुसरीकडे तडकेल, कारण तेवढा रॅप आता शिल्लकच नाही. फट राहू दे. जिथे कड उचलली गेली आहे तिथे फक्त ती आहे त्या जागी बसेल इतका गोंद लाव, ओढू नकोस.

आणि हे नीट वाच. सेल्युलॉइड भडका उडाल्यासारखं पेटतं. हीट गन नको, हेअर ड्रायर नको, बुरशी लागू नये म्हणून कपाटात बल्ब लावून ठेवतात तसला प्रकार तर मुळीच नको. समई-निरांजनापासून लांब. रॅप खरवडून काढायला पेंटर सगळ्यात आधी हीट गनच उचलेल, म्हणूनही मला तो माणूस नको.

पिवळेपणाचं काय, असं तू विचारशील. तो होऊन गेलेला आहे. लगच्या खाली जिथे ऊन लागलं नाही तिथे मूळ पांढरा अजून असेल, एक लग काढशील तेव्हा बघ आणि फोटो काढून ठेव. बस.

बिल्ल्यावर प्रीमियर आहे. १९२२ साली लंडनमध्ये सुरू झालेली ही कंपनी, युद्धात कारखान्यावर बॉम्ब पडल्यावर लेस्टरकडे गेली. ओतीव रिंगा ही तिची खासियत. तुझ्या मित्राला टोचते आहे ती मधल्या टॉमची खालची रिंग, पत्र्याची, दाबून केलेली, मेरठच्या बनावटीची वाटते. तो म्हणतो की इंग्लंडहून अस्सल मागवून बदल. मला विचारशील तर बदलू नकोस. आजोबा चर्चगेटच्या हॉटेलांत आणि गिरगावच्या गणपतींत ऑर्केस्ट्राबरोबर वाजवत होते तेव्हा परदेशी सुटा भाग आणायचा म्हणजे आयातीचा परवाना, नाहीतर ओळखीचा बोटीवरचा माणूस. रिंग तडकली आणि संध्याकाळी कार्यक्रम असला की मेरठचीच रिंग बसायची, कारण देशभरच्या बँडवाल्यांना तिथूनच माल जायचा. संग्राहक 'अस्सल' म्हणतो तेव्हा कारखान्याच्या दारातून सेट बाहेर पडला तो दिवस त्याच्या डोळ्यासमोर असतो. आजोबांनी तो वाजवला त्याच्या नंतर. बास ड्रमला काउबेल (काडीने वाजवायची घंटा) बसवण्यासाठी पाडलेलं ते भोकही तसंच राहू दे, बोल्टसकट. विकायला काढलास तर या दोन गोष्टींनी किंमत उतरेल हे खरं. पण तू विकणार नाहीस म्हणालीस, तर मग बाजाराच्या डोळ्याने बघायचं कारण नाही.

हेडच्या, म्हणजे ड्रमच्या तोंडावर ताणून बसवलेल्या पडद्याच्या, बाबतीत मात्र माझा हात सैल आहे. आपल्याकडे भजनातल्या पखवाजाची पुडी फुटली की नवी चढते, खोड तेच राहतं, आणि डबलबारीला बसलेला एकही माणूस म्हणत नाही की हा पखवाज आता तो राहिला नाही. प्लास्टिकची हेड १९५७ च्या सुमाराला बाजारात आली. आजोबांनी नंतर बसवलेली तसली हेड मार खाऊन खड्ड्यांची झालीत, ती बदल आणि वाजव. मागवण्याआधी माप घे मात्र. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतच्या प्रीमियरच्या काही ड्रमचा घेर आजच्या ठरलेल्या मापापेक्षा किंचित मोठा असतो, आणि दुकानातलं चौदा इंची हेड त्यावर बसतच नाही. बसत नाही म्हणून शेल, म्हणजे ड्रमचं लाकडी खोड, तासून देणारे लोक आहेत. त्यांच्या वाऱ्याला उभी राहू नकोस. योग्य मापाचं हेड वेगळं मागवता येतं.

बास ड्रमचं पुढचं कातडं त्याला अपवाद. वासराचं कातडं, त्यावर कुणा पेंटरने ब्रशने लिहिलेलं ऑर्केस्ट्राचं नाव, 'ऑ'वरची टिकली थोडी तिरकी. ते पुन्हा मिळणार नाही. ते ड्रमवरून उतरव, पण ज्या लाकडी कड्यावर ते गुंडाळलंय त्यावरून सोडवू नकोस, नाहीतर पापडासारखं वळेल. बुरशी कोरड्या मऊ ब्रशने, सावलीत, घराबाहेर झटक. पाणी नको, ऊन नको. त्याच्या जागी नवं साधं हेड लाव आणि हे आडवं, सुती कापडात ठेव.

शेलची कड एकदा तपास. रात्री ओट्याच्या ग्रॅनाइटवर ड्रम उपडा ठेव, आत टॉर्च लावून ठेव, दिवे घालव. कडेखालून उजेडाची बारीक रेघ आली तर चालेल, हेड ते सांभाळून घेतं. बोटाएवढी फट दिसली तर मला कळव. कड नव्याने कापून घ्यायचा सल्ला कुणी दिला तर नाही म्हण. रंग, रॅप, क्रोम यातलं काहीतरी परत करता येतं, कापलेलं लाकूड परत येत नाही.

फ्लोअर टॉमच्या तळाचे थर सुटलेत, तिथे मात्र दुरुस्तीच हवी. पुस्तकी नियम सांगतो की पुढे सोडवता येईल असा गोंद वापरा, म्हणजे सरस. आपल्या हवेत सरस मऊ पडतो आणि त्यावर बुरशी धरते. मी पाण्याला टिकणारा लाकडाचा गोंद सुईने थरांत सोडून शिकंज्यात धरतो. नियमाला धरून नाही, पण ड्रम उभा राहतो. हे काम आत्ता करायचं नाही. ओल्या लाकडात गोंद धरत नाही, दिवाळी उलटू दे. शेलच्या आत दोन बारीक भोकंही दिसली. ड्रम काळ्या कागदावर आठवडाभर ठेव. ताजी पांढरी पूड पडली तर घूण जिवंत आहे, औषध सिरिंजने भोकातच सोडायचं. डीप फ्रीझरमध्ये ठेवून कीड मारतात हे तू वाचलं असशील, संग्रहालयं लाकडाच्या बाबतीत ते करतातही. पण आक्रसलेलं सेल्युलॉइड चिकटलेलं असताना मी ती जोखीम घेणार नाही, मालवणात मासळीचे फ्रीझर कितीही असोत.

ठेवायची जागा बदल. माळा सगळ्यात वाईट, दिवसा कौलांची धग आणि पावसात ओल. माजघरात, भिंतीपासून वीतभर सोडून, पाटावर किंवा घडवंचीवर ठेव. वर प्लास्टिक घालू नकोस, जुनी सुती चादर घाल. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं ते शेजारी टांग. आकडा पन्नास-साठच्या आसपास राहिला तर उत्तम, जुलैत राहणार नाही, तेव्हा खोली बंद करून डिह्युमिडिफायर लाव. हेड ढिली कर, पण पूर्ण सोडू नकोस, शेलचा घेर त्यांनीच धरून ठेवलेला असतो.

वाजव मात्र जरूर. घरात, हॉलमध्ये. विसर्जनाच्या मिरवणुकीत टेंपोवर नाही, आणि तारकर्लीला वाळूत कुणी कार्यक्रम ठेवला तर तिथेही नाही, कितीही गळ घातली तरी. त्यासाठी तुझा नवा सेट आहे.

आत्ता एवढंच कर: काही सोडवायच्या आधी प्रत्येक बाजूचे फोटो, प्रत्येक लगला दोऱ्याने नंबराची चिठ्ठी (चिकटपट्टी रॅपवर लावू नकोस), आणि मिठाचं पुसणं. दिवाळीनंतर फ्लोअर टॉम घेऊन सावंतवाडीला ये. येताना त्याचे तिन्ही पाय आण. फोटोत मला दोनच दिसतायत, तिसरा माळ्यावरच कुठेतरी असेल.

तुझा,
काका