सांध्यावर कान ठेव

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. "तेरा ट्रॅक होते, चार आवडले, ते वेगळे काढून ठेवले, बाकी सगळं सारखंच वाटलं," असं लिहिलंयस. प्रामाणिक आहेस, हे बरं. पण तो ट्रान्सचा, म्हणजे एका जातीच्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा, मिक्स अल्बम आहे. त्यावर ज्या डीजेचं नाव सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलंय, त्याने त्या तेरापैकी बहुतेक ट्रॅक केलेलेच नाहीत. ते दुसऱ्यांचे आहेत. आधी कुठला, नंतर कुठला आणि एकातून दुसऱ्यात जायचं कसं, एवढंच त्याचं काम. तू चार ट्रॅक उचललेस आणि नेमकं तेच काम मागे टाकून आलीस. हारातला दोरा फेकून देऊन फुलं तेवढी घरी आणावीत, तसं झालं.

लाजू नकोस. मी याहून मोठा गाढवपणा केलाय. सीडी घरी कॉपी करायचे दिवस होते. एका मित्राकडून मिक्स अल्बम आणला, संगणकावर उतरवला आणि कोऱ्या सीडीवर लिहिला. लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरने आपल्या सवयीप्रमाणे प्रत्येक ट्रॅकमध्ये दोन सेकंदांची शांतता घातली. मी ती सीडी दोनेक वर्षं ऐकली. किक, म्हणजे ड्रमचा खालचा जाड ठोका, जोरात वाजतेय, मध्येच सगळं गप्प, मग पुन्हा किक, आणि मला वाटायचं, ही त्या डीजेची खासियत असणार! मूळ सीडी पुन्हा हाती आली तेव्हा कळलं की ज्या जागांसाठी तो अल्बम होता त्या सगळ्याच जागांवर माझ्या कॉपीत भोकं होती.

म्हणून आधी यंत्राकडे बघ. शफल बंद कर, हे सांगायला नको. संपणाऱ्या ट्रॅकवर पुढचा चढवणारं ॲपमधलं क्रॉसफेडही शून्यावर आण. मिक्समध्ये एका ट्रॅकवर दुसरा आधीच चढवलेला असतो, त्यावर ॲपने आणखी एक थर चढवला की किक चिखलासारखी वाजते. गॅपलेस प्लेबॅकचा, म्हणजे ट्रॅकमध्ये खंड न पडू देण्याचा, पर्याय दिसला तर चालू ठेव. जुन्या एमपी3 फाइल्स असतील तर सांध्यावर, म्हणजे एक ट्रॅक दुसऱ्याला जुळतो तिथे, बारीक टिचकी ऐकू येईल. त्यात फाइल बनवणाऱ्याची चूक नसते. एमपी3 आवाजाचे ठरावीक मापाचे तुकडे करतं, 1152 नमुन्यांचा एक, आणि सुरुवातीला-शेवटी थोडी शांतता भरून ते माप पुरं करतं. एकट्या गाण्यात ती कुणाच्या लक्षातही येत नाही. मिक्समध्ये ती ठेच लागल्यासारखी लागते. अल्बम एका अखंड फाइलमध्ये मिळाला तर सगळ्यात उत्तम. आणि ट्रॅकच्या नावापुढे कंसात 'मिक्स्ड' असं असेल तर तो सांध्यासकट कापलेला तुकडा आहे. नसेल तर बहुधा तुझ्या हाती नुसती यादी आली आहे, मिक्स नाही. यादी वाईट नसते, पण तिचा या पत्राशी संबंध नाही.

आता सांधा. डीजे मंडळी त्याला ट्रान्झिशन म्हणतात, मला सांधाच म्हणायला आवडतं.

हे संगीत चाराच्या हिशेबाने चालतं. चार ठोक्यांचा एक बार, आणि बार आठ, सोळा, बत्तीस अशा गठ्ठ्यांनी येतात. ट्रान्स मिनिटाला 138 ठोक्यांनी चालला असेल तर 32 बारांना सुमारे 56 सेकंद लागतात. म्हणजे साधारण दर मिनिटाला एक पान उलटतं: नवा हाय-हॅट, म्हणजे झांजेचा बारीक आवाज, येतो, एखादा पॅड, म्हणजे मागे पसरलेला लांब सूर, वर येतो, किंवा किक निघून जाते. तबल्याची सम ओळखणाऱ्या कानाला हे जड नाही, फक्त आवर्तन फार लांबलचक आहे. चांगला डीजे दुसरा ट्रॅक असा सोडतो की दोघांची पानं एकाच क्षणी उलटतात. बोटांवर मोज. पहिल्यांदा चुकशील, दहाव्या मिनिटापर्यंत अंगात भिनेल आणि मग मोजायची गरज उरणार नाही.

मोजता यायला लागलं की बेस, म्हणजे खालचे जाड सूर, पकड. दोन ट्रॅकच्या दोन बेसलाइन एकाच वेळी पूर्ण जोरात वाजल्या तर खालचा सगळा आवाज गढूळ होतो. त्यामुळे येणाऱ्या ट्रॅकचा बेस मिक्सरवर, म्हणजे दोन ट्रॅकचे आवाज जुळवायच्या यंत्रावर, दाबून ठेवतात. त्याचे टाळीसारखे वरचे आवाज, हाय-हॅट, एखादी धून हळूहळू आत येत राहते आणि जमीन मात्र जुन्याच ट्रॅकची असते. मग एका पानाच्या तोंडाशी जुन्याचा बेस खाली, नव्याचा वर. खरी किल्ली तिथे फिरते. पडद्यावर ट्रॅकचं नाव बदलतं ते कधी याच्या आधी, कधी नंतर. ती खूण कुणीतरी सोयीसाठी घातलेली असते, तिच्यावर विसंबू नकोस. ज्या क्षणी पायाखालची जमीन बदलली पण चालणं थांबलं नाही, तो क्षण कानाने पकडायचा. मला तर पूर्ण मिक्समध्ये तेवढे बारा-तेरा क्षणच ऐकायचे असतात असं म्हटलं तरी चालेल. बाकीचं त्यांच्याकडे नेणारा रस्ता.

हे ट्रॅक सुटे ऐकलेस तर सुरुवातीला आणि शेवटी एक-दोन मिनिटं नुसता ठोका चाललेला दिसेल. तुला तो कंटाळवाणा वाटला होता, आठवतंय? तो तुझ्यासाठी नव्हताच. ती डीजेला पकडायला दिलेली मूठ आहे.

सूर हा तिसरा भाग, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. रेकॉर्डवर वाजवायचं तर वेग बदलला की सूरही बदलतो. सुमारे सहा टक्के वेग वाढवला की सूर अर्धा स्वर चढतो. म्हणजे मिनिटाला 130 ठोक्यांचा ट्रॅक 138 वर नेला की तो जवळजवळ अर्धा स्वर वर जाऊन बसणार. क्लबमधल्या रेकॉर्ड वाजवायच्या नेहमीच्या यंत्राला, टेक्निक्स टर्नटेबलला, वेग आठ टक्के वरखाली करायची सोय असायची, तेव्हा मोह व्हायचा. पण दोन धुना एकमेकींत मिसळताना एक अर्धा स्वर सरकलेली असेल तर दात आंबतात. म्हणून त्या काळातल्या चांगल्या मिक्सांत एकाच स्वराच्या किंवा नात्यातल्या स्वरांच्या ट्रॅकची जोडी लागलेली दिसते. कुणी वहीत लिहून ठेवायचं, कुणी नुसत्या कानाने करायचं. आता सॉफ्टवेअर वेग आणि सूर वेगवेगळे हलवतं, शेजारचे स्वर घड्याळाच्या तबकडीसारख्या चक्रावर दाखवतं. काम सोपं झालं. पण हल्लीच्या पुष्कळ मिक्सांत सगळं इतकं सुरात असतं की तासभर एकाच खोलीत बसल्यासारखं वाटतं. थोडा धोका पत्करणारा सांधा मला अजून आवडतो. हे माझं मत, ते तू उचलायलाच हवंस असं नाही.

"सगळं सारखंच" याबद्दल. ट्रान्स या नावातच तंद्री आहे. किक बदलत नाही, ती बदलू नये म्हणूनच ठेवलेली असते. तिच्यावर जे अगदी सावकाश हलतं तिकडे कान न्यायचा असतो. फिल्टर, म्हणजे आवाजाचा काही भाग अडवणारी चाळणी, उघडतो तसा एखादा सूर आठ-आठ बार फक्त उजळत जातो, बस, तेवढंच घडतं. 1996 मध्ये रोलँडच्या जेपी-8000 या सिंथेसायझरने 'सुपरसॉ' नावाचा आवाज आणला: एकाच सुराच्या सात किंचित बेसूर प्रती एकत्र. त्यानंतरच्या वर्षांतलं ते भरघोस, छाती भरून टाकणारं ट्रान्स बऱ्याच अंशी या आवाजावर उभं आहे. ब्रेकडाउनमध्ये किक जाते, हा आवाज एकटा उरतो, मग ताण चढवत नेणारा बिल्डअप, मग किक परत. अशी उंच शिखरं पाठोपाठ बारा ठेवली तर चौथ्यालाच माणूस थकतो. म्हणून डीजे मधे पठारं ठेवतो, बिनचेहऱ्याचे, नुसते चालते ट्रॅक. तू पुढे ढकललेस ते बहुधा हेच. पुढच्या शिखराची उंची त्यांच्यामुळे असते.

ऐकायचं काय, हे विचारलंयस. साशा आणि जॉन डिगवीड या ब्रिटिश डीजेंच्या जोडीपासून सुरू कर. 1994 चा तीन सीडींचा 'रेनेसान्स: द मिक्स कलेक्शन' आणि 1996 चा 'नॉर्दर्न एक्स्पोजर'. यांत पहिला घाईने ऐकू नकोस. दुसऱ्याने मला धीर धरायला शिकवलं, त्याची सुरुवात कधी होते हेच नीट कळत नाही. 1996 पासून 'ग्लोबल अंडरग्राउंड' ही मालिका निघाली, तिच्यात बहुतेक अल्बमना एकेका शहराचं नाव आणि बहुतेकांत दोन सीडी. सीडीत जेमतेम 74 ते 80 मिनिटं मावतात. रात्रभराचा डाव एवढ्यात बसवायचा म्हणून पुष्कळदा पहिली सीडी सावकाश, अंग सैल करणारी आणि दुसरी मध्यरात्रीनंतरची. अडचणीतून निघालेली ही बांधणी पुढे एक रीतच झाली. दुसरीपासून ऐकायचा मोह टाळ. साशाचा 1999 चा 'इबिझा' याच मालिकेतला. पॉल ओकनफोल्डचा 1998 चा 'ट्रान्सपोर्ट' जास्त थेट आहे, धून आवडणाऱ्या माणसाला लगेच हात देतो. तुला तो पहिल्यांदा आवडेल, असा माझा होरा. टिएस्टोची 'इन सर्च ऑफ सनराइज' 1999 मध्ये सुरू झाली, तिचे सुरुवातीचे भाग उजेडाचे आहेत, रात्रीचे नाहीत. आणि नृत्याच्या कडेला बसून ऐकायचं असेल तर स्पेनच्या इबिझा बेटावरच्या 'काफे देल मार' या बारमध्ये होझे पादियाने लावलेल्या संगीताचे अल्बम 1994 पासून निघाले. त्यांत ठोक्यापेक्षा मावळतीची वेळ महत्त्वाची.

ओकनफोल्डचाच 1994 चा 'गोवा मिक्स' बीबीसी रेडिओ वनच्या 'इसेन्शियल मिक्स' कार्यक्रमात वाजला होता. तो अल्बम नव्हे, दोन तासांचा रेडिओ कार्यक्रम. पण गोव्याच्या किनाऱ्यावरचं संगीत, सिनेमाच्या पार्श्वसंगीताचे तुकडे आणि नुसते पसरलेले सूर एका दमात कसे ओवता येतात हे त्यात ऐकायला मिळतं. काही सांधे तर ठोक्याशिवायच आहेत.

अल्बमांच्या एका प्रकारापासून जरा सावध राहा. तीन सीडी, साठ गाणी, प्रत्येकाची दोन-अडीच मिनिटं, मुखपृष्ठावर वर्षाचा आकडा. धावताना लावायला उत्तम, मीही लावतो. पण तिथे पान एकदाही पूर्ण उलटू देत नाहीत. गाण्याचा ओळखीचा तुकडा आला की लगेच पुढचं. मिक्स ऐकायची सवय यावर लागली तर 'नॉर्दर्न एक्स्पोजर' तुला कायम बिघडलेला वाटेल.

या उलट साशाचा 2004 चा 'इन्व्हॉल्व्हर' थोड्या उशिराने ऐक. त्यात त्याने दुसऱ्यांचे ट्रॅक नुसते जोडले नाहीत, एबलटन लाइव्ह हे सॉफ्टवेअर वापरून ते स्वतः नव्याने रचले. सांधा कुठला आणि ट्रॅक कुठला हेच तिथे पुसट होतं. तो मिक्स की स्वतंत्र अल्बम, यावर माझं एका स्नेह्याशी अजून एकमत नाही. तू ऐकून माझ्या बाजूने बोल.

आवाज फार वाढवू नकोस, हे म्हाताऱ्यासारखं वाटलं तरी सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास चालतात, 90 ला फक्त चार. आठवड्यात तीन मिक्स जोरात ऐकलेस की कोटा संपला. आणि सांधा ऐकायला जोर लागतही नाही. उलट आवाज कमी असला की येणारा हाय-हॅट लवकर सापडतो.

आता एक काम. कुठलाही एक मिक्स घे, पडदा उलटा ठेव, एक कागद आणि घड्याळ घे. बेस बदलला असं वाटेल तिथे मिनिट-सेकंद लिही. ट्रॅकची यादी आधी वाचू नकोस. मधे फोन आला तर पुन्हा पहिल्यापासून, मधूनच नाही. शेवटपर्यंत बसलीस की मग यादी उघड आणि ताळा घे. मी पहिल्यांदा केलं तेव्हा बारा सांध्यांपैकी पाच सापडले होते आणि दोन ठिकाणी सांधा नसतानाच लिहिला होता. तुझा कागद खाडाखोडीसकट मला पाठव.