सगळ्या पेशींत डीएनए एकच, मग अवयवांना वेगवेगळे आकार कोण देतं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. सगळ्या पेशींत डीएनए एकच असेल तर आतड्याची वेटोळी आणि फुप्फुसाच्या फांद्या यांचा आराखडा नेमका कुठे लिहिलेला असतो? आणि तो पेशीतच असेल तर प्रयोगशाळेतल्या बशीत अख्खा अवयव का वाढवता येत नाही?

पहिल्या प्रश्नातला 'आराखडा' हा शब्द आधी काढून टाकू. मीही बरीच वर्षं वर्गात 'डीएनए म्हणजे इमारतीचा आराखडा' असंच सांगत होतो, कारण सांगायला सोपं पडतं. पण आराखड्यात जिना कुठे, खिडकी कुठे हे काढलेलं असतं. डीएनएत आतड्याच्या एकाही वेटोळ्याचं चित्र नाही. कुठली प्रथिनं केव्हा, कुठे आणि किती बनवायची, एवढाच हिशेब तिथे आहे. वेटोळी पडतात ती ओढाताणीतून.

भ्रूणात आतडं सुरुवातीला साधी सरळ नळी असते आणि मेसेंटरी नावाच्या पातळ पडद्याने ती पाठीच्या बाजूला जोडलेली असते. पुढे नळी भराभर लांबते, पडदा मात्र तिच्या मानाने सावकाश वाढतो. कमरेच्या नेफ्यात इलास्टिक ताणून शिवलं आणि सोडलं की कापडाला चुण्या पडतात ना, तसंच इथे होतं. फक्त कापडाच्या जागी नळी असल्यामुळे चुण्यांऐवजी वेटोळी पडतात. ही नुसती उपमा नाही. 2011 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी कोंबडीच्या भ्रूणातला हा पडदा आतड्यापासून अलगद कापून वेगळा केला, तेव्हा आतडं सरळ झालं आणि पडदा आक्रसला. म्हणजे ताण पडद्यात होता. मग त्यांनी रबराची पातळ चादर ताणून धरली, तिच्या कडेला रबरी नळी सुईदोऱ्याने शिवली आणि चादर सोडून दिली. नळीने हुबेहूब आतड्यासारखी वेटोळी घेतली! नळीची जाडी, पडद्याचा ताठरपणा आणि दोघांच्या वाढीतला फरक एवढी मापं गणितात घातली की कोंबडी, लावा, उंदीर या प्रत्येकाच्या वेटोळ्यांचा आकार जवळपास बरोबर निघतो. भ्रूणशास्त्रात शिवणकाम कामाला येतं, हे मी दर वर्षी नव्या वर्गाला तितक्याच हौसेने सांगतो.

मग जनुकांचं काम काय? वेग ठरवणं. पडद्यात बीएमपी नावाचं एक संदेशवाहक प्रथिन असतं. त्याचा संदेश वाढवला तर पडद्याची वाढ आखडते आणि वेटोळी जास्त, घट्ट पडतात. तो दाबला तर ती कमी पडतात. वेटोळ्यांचं जनुक म्हणून शोधायला गेलात तर काही सापडणार नाही, वाढीचा वेग बदलणारी जनुकं मात्र सापडतील.

फुप्फुसाची गोष्ट वेगळी आहे. तिथे ओढाताणीपेक्षा शेजाऱ्यांची बोलणी जास्त चालतात. श्वासनळीच्या टोकाला आतून अस्तराच्या पेशी असतात आणि बाहेरून त्यांना वेढणारी सैल ऊती, म्हणजे मेसेन्काइम. ही सैल ऊती एफजीएफ-10 नावाचं प्रथिन सोडते आणि अस्तराचा कोंब त्या दिशेने वाढत जातो. उलट कोंबाकडूनही संदेश जातात आणि टोकाजवळचं एफजीएफ कमी होतं. या देवाणघेवाणीत फांदीला फांदी फुटत जाते. एफजीएफ-10 चं जनुक काढून टाकलेल्या उंदरांत श्वासनळी तयार होते, पण तिच्या पुढे फुप्फुसच नसतं. आणखी एक जुना प्रयोग आहे. फुप्फुसाच्या टोकाजवळची सैल ऊती उचलून श्वासनळीच्या सरळ भागावर ठेवली, तर जिथे एरवी कधीच फांदी फुटत नाही तिथे कोंब येतो.

आकार कुणाचा आणि धंदा कुणाचा, हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते 1976 च्या एका प्रयोगात. उंदराच्या भ्रूणातलं स्तनग्रंथीचं अस्तर घेऊन त्याच्याभोवती लाळग्रंथीची सैल ऊती लावली. फांद्या फुटल्या त्या लाळग्रंथीच्या धाटणीच्या. पण पेशी तपासल्या तर त्या दुधातलं प्रथिन बनवत होत्या! आकार शेजारच्या ऊतीने दिला, काम मात्र पेशींनी आपलंच धरून ठेवलं. (परीक्षेत 'प्रवर्तन', म्हणजे एका ऊतीने शेजारच्या ऊतीच्या घडणीला दिशा देणं, या शब्दाची व्याख्या पाठ करून लिहिणाऱ्यांना हा एक प्रयोग नीट समजला तरी मी पूर्ण गुण देईन.)

इतकं वाचून 'सगळं शेजारीच ठरवतात' असं वाटत असेल, तर तेही खरं नाही. 2011 मध्येच जपानमध्ये योशिकी सासाई यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या मूलपेशींचा गोळा द्रवात तरंगत ठेवला होता. भोवती ना त्वचा होती, ना डोळ्याचं भिंग. तरी त्यातून फुगा बाहेर आला, आपणहून आत वळला आणि डोळ्याचा पेला, म्हणजे पुढे जिचा दृष्टिपटल होतो ती वाटी, तयार झाला. हृदयाचा मामला तर निम्मा-निम्मा आहे. अंड्याच्या कवचाला खिडकी पाडून तिसऱ्या दिवशीचं कोंबडीचं भ्रूण मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा धडधडणारी ती वाकडी नळी हृदय आहे हे मला सांगावं लागलं होतं. ही नळी शरीरातून काढून वेगळी ठेवली तरी वाकते, म्हणजे वाकणं तिचं स्वतःचं. पण उजवीकडे पिळली जाण्यासाठी बाहेरून दाबणाऱ्या पडद्याची मदत लागते. तो पडदा काढला की पीळ कमी पडतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातूनच निघतं. बशीत पेशी असतात, त्यांचा डीएनए असतो, पण शेजार नसतो. मानवी मूलपेशींपासून बशीत आतड्याचे इवलेसे गोळे बनवता येतात. त्यांना ऑर्गेनॉइड म्हणतात. त्यांच्यात रक्तवाहिन्या नसतात, आतडं हलवणारे मज्जातंतू नसतात, ओढून धरणारा पडदा नसतो. वाढ बरीचशी गर्भातल्या आतड्याच्या पायरीवरच अडते. हेच गोळे उंदराच्या शरीरात रुजवले की रक्तपुरवठा मिळतो आणि ते बरेच पुढे जातात. 2018 मध्ये एका गटाने त्यांना ताणही देऊन पाहिला: रुजवलेल्या गोळ्याच्या पोकळीत दाबून बसवलेली बारीकशी स्प्रिंग घातली. ती हळूहळू उलगडत आतून रेटत राहिली. स्प्रिंग नसलेल्या गोळ्यांपेक्षा हे आतडं लांब झालं आणि जास्त परिपक्वही निघालं.