व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे अमेरिकन विद्यार्थी बॉम्ब लावण्यापर्यंत कसे पोचले? त्याने युद्ध थांबायला मदत झाली का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की शांततेसाठी रस्त्यावर उतरलेली पोरं बॉम्ब लावतात हे डोक्यात बसत नाही, आणि हे सगळे चांगल्या घरचे रिकामटेकडे होते का. मी मॅडिसनला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ विस्कॉन्सिनला, फिजिक्समध्ये पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) केलंय आणि तिथे असताना १९७० मध्ये त्याच कॅम्पसवर झालेल्या बॉम्बस्फोटाच्या प्रकरणाने मला असं धरलं की जे मिळेल ते वाचत गेलो, त्यामुळे अख्ख्या अमेरिकेचं न सांगता मॅडिसनचंच सांगतो.

आधी राग कुठून आला ते बघू, कारण तो सोडला तर पुढचं काहीच कळत नाही. १९६५ मध्ये सगळं सभ्यपणे चाललं होतं, प्राध्यापक रात्र रात्र व्याख्यानं देतायत, पोरं सह्या गोळा करतायत, आणि विस्कॉन्सिनचे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी तर त्या वर्षी युद्धाच्या जादा खर्चाविरुद्ध मत दिलं, अख्ख्या सिनेटमध्ये विरोधात फक्त ३ मतं पडली त्यातलं एक त्यांचं. मग १८ ऑक्टोबर १९६७ ला डाऊ केमिकल कंपनी कॅम्पसवर नोकरभरतीला आली. डाऊ नेपाम बनवायची, जे अंगाला चिकटून जळतं आणि व्हिएतनामच्या गावांवर टाकलं जात होतं. पोरं कॉमर्स बिल्डिंगच्या कॉरिडॉरमध्ये ठाण मांडून बसली, पोलीस दंडुके घेऊन आत घुसले, डोकी फुटली, बाहेर हजारोंचा जमाव आणि कॅम्पसवर अश्रुधूर. त्या दुपारी जी पोरं नुसती बघायला थांबली होती त्यातली कितीतरी आंदोलनात आली.

आणि युद्ध थांबायचं सोडून वाढतच होतं हो. १९६८ पर्यंत ५ लाखांहून जास्त अमेरिकन सैनिक तिकडे होते. नोव्हेंबर १९६९ मध्ये व्हिएतनाममधल्या 'मी लाय' गावात अमेरिकन सैनिकांनी केलेलं हत्याकांड उघडकीला आलं, त्याच महिन्यात वॉशिंग्टनला ५ लाखांच्या आसपास लोक जमले आणि राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या सरकारने त्यांची दखलसुद्धा घेतल्याचं दाखवलं नाही. १ डिसेंबर १९६९ ला टीव्हीवर वाढदिवसांच्या चिठ्ठ्या काढून कोणाला सैन्यात बोलवायचं ते ठरवलं. ३० एप्रिल १९७० ला निक्सनने कंबोडियात सैन्य घुसवल्याचं जाहीर केलं, ४ मे ला ओहायोतल्या केंट स्टेट युनिव्हर्सिटीत नॅशनल गार्डच्या (राज्याच्या राखीव सैन्याच्या) गोळीबारात ४ विद्यार्थी मेले आणि दहाच दिवसांनी मिसिसिपीत जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या कॉलेजमध्ये पोलिसांच्या गोळ्यांनी आणखी २ जण. वीस वर्षांच्या पोराने हे सगळं ओळीने बघितलं तर मोर्चा, निवेदन, मतदान यावरचा त्याचा विश्वास उडणारच, आणि मला त्यात त्याचा दोष अजिबात दिसत नाही.

त्या काळात मॅडिसनला शिकलेले एक काका मला तिथल्या गणपतीत भेटायचे, पुण्याहून इंजिनिअरिंग करून गेलेले. ते सांगायचे की बास्कम हिलवर, म्हणजे कॅम्पसच्या मधल्या टेकडीवर, अश्रुधूर असा मुरलेला असायचा की वर्गात बसलं तरी डोळे चुरचुरायचे, आणि भारतीय पोरं मोर्च्याच्या कडेकडेने चालायची कारण व्हिसा गेला तर घरी काय तोंड दाखवणार. हरगोविंद खुराणा तेव्हा त्याच कॅम्पसवर होते बरं का, १९६८ चं नोबेल त्यांना तिथे असतानाच मिळालं, म्हणजे एका टोकाला हे आणि दुसऱ्या टोकाला नॅशनल गार्डच्या संगिनी.

आता बॉम्ब लावणारा तो लहान गट. मॅडिसनच्याच साध्या घरातला कार्ल आर्मस्ट्राँग (रिकामटेकड्या श्रीमंत पोराचं चित्र इथेच मोडतं), त्याचा धाकटा भाऊ ड्वाइट, डेव्हिड फाइन नावाचा १८ वर्षांचा पोरगा आणि लिओ बर्ट, जो युनिव्हर्सिटीच्या रोइंग टीममध्ये होता आणि विद्यार्थ्यांच्या पेपरात लिहायचा. १९६९ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री कार्ल आणि ड्वाइटने एक छोटं विमान चोरलं आणि बाराबूजवळच्या बॅजर दारूगोळा कारखान्यावर घरी बनवलेले बॉम्ब टाकले, एकही फुटला नाही. त्यावरून न्यू इयर्स गँग हे नाव पडलं. नंतरच्या दिवसांत कार्लने कॅम्पसवरच्या लष्करी प्रशिक्षणाच्या जागी आग लावली. मोठं टार्गेट होतं आर्मी मॅथेमॅटिक्स रिसर्च सेंटर, १९५६ पासून लष्कराच्या पैशावर चालणारं, स्टर्लिंग हॉलच्या वरच्या मजल्यांवर. हे सेंटर लष्कराला नेमकं काय देतं यावर विद्यार्थ्यांच्या पेपरने चांगली शोधपत्रकारिता केली होती, म्हणजे मुद्दा हवेतला नव्हता.

२४ ऑगस्ट १९७० च्या पहाटे ३ वाजून ४२ मिनिटांनी स्टर्लिंग हॉलशेजारी लावलेली चोरीची फोर्ड व्हॅन फुटली, आत सुमारे २,००० पौंड स्फोटकं. पोलिसांना धोक्याचा फोन गेला तो काही मिनिटं आधी, तेवढ्यात कोणाला बाहेर काढणार. आजूबाजूच्या २६ बिल्डिंगचं नुकसान झालं, व्हॅनचे तुकडे तीन ब्लॉक लांबच्या आठ मजली इमारतीच्या गच्चीवर सापडले. आणि ज्या सेंटरसाठी हे केलं त्याचं त्या मानाने थोडकंच नुकसान, खालचा फिजिक्स डिपार्टमेंट मात्र उद्ध्वस्त. तळघरातल्या लॅबमध्ये रॉबर्ट फॅसनॅक्ट होता, ३३ वर्षांचा पोस्टडॉक, सुपरकंडक्टिव्हिटीवर (खूप थंड केल्यावर काही पदार्थांतून वीज विनाअडथळा वाहते त्यावर) काम करणारा, घरच्यांबरोबर सुट्टीवर जायच्या आधी प्रयोग संपवायला बसलेला. तो मेला, आणखी तिघं जबर जखमी झाले. त्याच्यामागे बायको आणि तीन लहान मुलं. त्याचा लष्करी सेंटरशी काडीचा संबंध नव्हता.

मी स्वतः लो टेंपरेचरमध्ये, म्हणजे अशाच अतिथंड प्रयोगांवर, काम केलंय म्हणून हे मला जास्तच लागतं. थंड केलेलं उपकरण तुम्ही अर्ध्यावर सोडून घरी जाऊ शकत नाही, थंड करायचं द्रव हेलियम भरलं की रात्र काढायचीच. फिजिक्सच्या कुठल्याही बिल्डिंगमध्ये पहाटे तीनला कोणीतरी असतंच, हे त्या डिपार्टमेंटमधल्या कुठल्याही पोराने दोन मिनिटांत सांगितलं असतं. विचारलं कोणालाच नाही, कारण विचारायचं तर सांगावं लागलं असतं आणि सांगितलं असतं तर समोरचा नाही म्हणाला असता.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. ही पोरं जास्त चिडली म्हणून इथवर आली असं मला वाटत नाही, चिडलेले तर मॅडिसनमध्ये हजारो होते. त्यांना अडवू शकतील अशी माणसं त्यांच्या वर्तुळातून एकेक करून संपली होती. आणि हे फक्त मॅडिसनचं नाही. जून १९६९ मध्ये शिकागोच्या अधिवेशनात विद्यार्थ्यांची सगळ्यात मोठी संघटना एसडीएस फुटली आणि वेदरमन नावाचा गट बाहेर पडला, त्यांनी शहराशहरात कलेक्टिव्ह काढले, म्हणजे दहावीस जण एका घरात राहणार, पैसे एकत्र, जोडप्यांनी जोडपं म्हणून राहायचं नाही, आणि तासन्‌तास एकेकाला मध्ये बसवून त्याच्यातला भित्रेपणा, मध्यमवर्गीयपणा सगळ्यांनी खरवडून काढायचा. ज्याला शंका आली तो कच्चा. अशा खोलीत सगळ्यात टोकाचं बोलणाराच जिंकतो. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्यांनी शिकागोत हजारो लोक रस्त्यावर उतरतील असं धरलं होतं, आले काही शे. ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या जहाल संघटनेच्या फ्रेड हॅम्प्टनने तेव्हाच जाहीरपणे सांगितलं होतं की हे लोकांना मरणाच्या तोंडी देणं आहे, आणि तो काही मवाळ माणूस नव्हता, डिसेंबरमध्ये पोलिसांनी त्यालाच झोपेत असताना घरात घुसून मारलं. तरी ऐकलं नाही. ६ मार्च १९७० ला न्यूयॉर्कमधल्या ग्रीनिच व्हिलेजच्या एका घराच्या तळघरात त्यांचाच बॉम्ब बनवताना फुटला, ३ जण मेले, तो बॉम्ब फोर्ट डिक्सच्या लष्करी तळावर सैनिकांच्या डान्स पार्टीसाठी चालला होता. त्यानंतर वेदर गटाने माणसं मरतील अशा ठिकाणी बॉम्ब लावणं सोडलं, आधी फोन करून इमारत रिकामी करायला लावायचे. मॅडिसनचे चौघं या गटात नव्हते पण चालले त्याच वाटेने. स्फोटानंतरच्या पत्रकात त्यांनी मागण्या घातल्या आणि आपल्या केडरची, म्हणजे लढाऊ कार्यकर्त्यांच्या फळीची, धमकी दिली. केडर म्हणजे हेच चौघं.

याने युद्ध थांबायला मदत झाली का? मला तरी उलटंच दिसतं. केंट स्टेटनंतर देशभर शेकडो कॉलेजं बंद पडली होती, मॅडिसनला त्याच वसंतात टीचिंग असिस्टंटच्या युनियनने संप करून करार मिळवला होता (ही युनियन १९६६ मध्ये सैन्यभरतीविरोधी आंदोलनातूनच उभी राहिली, आणि तिथे टीए म्हणून काम केलेल्या आपल्या कित्येक पोरांना हे माहीतही नसतं), म्हणजे चळवळ जोरात होती. ऑगस्टनंतर मॅडिसनमध्ये ती हवा गेली. माणूस मेल्यावर साधी पोरं मोर्च्याला यायला कचरायला लागली आणि निक्सनच्या बाजूच्या लोकांना बोट दाखवायला हक्काची जागा मिळाली.

कोणी म्हणेल गुप्त लहान गट म्हणजे वाईटच. तसं नाही. ८ मार्च १९७१ ला, अली-फ्रेझर बॉक्सिंग फाइटच्या रात्री, पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया गावात ८ जणांनी एफबीआयचं ऑफिस फोडून फाइली नेल्या आणि पेपरांना पाठवल्या, त्यातून एफबीआय आंदोलकांवर कशी पाळत ठेवते ते जगाला कळलं. त्यांचा म्होरक्या विल्यम डेव्हिडन हा फिजिक्सचाच प्राध्यापक. कित्येक आठवडे ते फक्त बघत बसले की त्या बिल्डिंगमध्ये कोण राहतं, किती वाजता येतं, किती वाजता झोपतं. त्यांच्यातल्या एका जोडप्याला तीन लहान मुलं होती आणि आपण पकडलो गेलो तर मुलं कोणाकडे राहतील हे त्यांनी आधी ठरवलं. कोणाला ओरखडाही आला नाही आणि ते कधी सापडले पण नाहीत, २०१४ मध्ये त्यातले काही स्वतःहून पुढे आले. आणि सरकारला सगळ्यात जास्त टोचले ते तर व्हिएतनामहून परत आलेले सैनिक, एप्रिल १९७१ मध्ये संसदेच्या पायऱ्यांवर स्वतःची पदकं भिरकावणारे. त्यांना देशद्रोही कसं म्हणणार?

पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. कार्ल १९७२ मध्ये टोरांटोत सापडला, २३ वर्षांची शिक्षा झाली, १९८० मध्ये सुटला आणि मॅडिसनलाच परत येऊन कॅम्पसवर ज्यूसची गाडी लावायचा. फाइन १९७६ ला आणि ड्वाइट १९७७ ला पकडले गेले, ड्वाइट २०१० मध्ये वारला. लिओ बर्ट आजतागायत सापडलेला नाही. फॅसनॅक्टच्या नावाची पाटी स्टर्लिंग हॉलवर लागायला २००७ उजाडलं, याचा मला अजून राग येतो. आर्मी मॅथ सेंटर दुसऱ्या बिल्डिंगमध्ये हलून चालूच राहिलं. आणि डाऊच्या दिवशी कॉमर्स बिल्डिंगमध्ये पोलिसांचा मार खाल्लेला पॉल सॉगलिन नावाचा विद्यार्थी १९६८ मध्ये नगरसेवक म्हणून निवडून आला आणि १९७३ मध्ये विद्यमान महापौराला हरवून मॅडिसनचा महापौर झाला.