युगांडात दोन वर्षं स्वयंसेवक म्हणून राहताना मधली घरची भेट केव्हा ठेवावी, आणि निघण्याआधी मागची काय व्यवस्था लावून यावं?

तुमचं काम बचत गटांचं आणि गावातल्या हापशांचं, दोन वर्षांत एकदा महिनाभर घरी येता येणार, आणि प्रश्न असा की दिवाळीला यावं की उन्हाळ्यात. माझं मत स्पष्ट आहे: एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत या. तिकिटाच्या दरापेक्षा गावाचं शेतीचं वेळापत्रक आधी बघा.

मध्य आणि दक्षिण युगांडात दोन पावसाळे असतात, मार्च ते मे आणि साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर. एप्रिलमध्ये पेरणी-खुरपणी जोरात असते. बायका दिवसभर शेतात, हातात पैसा कमी, मुरुमाचे रस्ते चिखलात. गटाच्या बैठका होतात, पण प्रशिक्षण ठेवलं तर निम्मे लोकही जमत नाहीत. म्हणजे तुमच्या नसण्याने सगळ्यात कमी नुकसान याच महिन्यात होतं. उत्तरेकडे, गुलू-लिराच्या बाजूला, पावसाळा एकच आणि लांब असतो, पण एप्रिल-मे तिथेही पेरणीचेच. इकडे तेव्हा शाळांना सुट्टी, लग्नसराई, सगळे नातेवाईक एका जागी भेटतात.

डिसेंबरमध्ये मात्र गाव सोडू नका. तिथले बचत गट आपल्यासारखे बँकेला जोडून वर्षानुवर्षं भांडवल वाढवत नेत नाहीत. 15 ते 30 सभासद, दर बैठकीला प्रत्येकी 1 ते 5 शेअर, पासबुकात तेवढे शिक्के, आणि 9 ते 12 महिन्यांचं चक्र संपलं की सगळा पैसा नफ्यासकट वाटून टाकायचा. बरेच गट हे वाटप नाताळच्या आधी ठेवतात. समजा शेअर 2,000 शिलिंगचा, वर्षात 1,500 शेअर झाले आणि शेवटी पेटीत 36,00,000 शिलिंग आहेत. तर एका शेअरला 2,400 मिळतात. गणित एवढंच, पण भांडणं इथेच होतात. पासबुकातल्या शिक्क्यांची बेरीज आणि पेटीतली रक्कम जुळत नाही, किंवा दोघा-तिघांचं कर्ज अजून बाहेर असतं. कर्जाची मुदत तीन महिन्यांची असेल तर डिसेंबरच्या वाटपासाठी सप्टेंबरच्या सुरुवातीनंतर पूर्ण मुदतीचं नवं कर्ज देऊन चालत नाही. नेमकं तेव्हाच तिथे शाळेचं तिसरं सत्र सुरू होतं, फी भरायची असते आणि मागणी वाढते. दिवाळीला यायचंच असेल तर कर्ज कधी थांबवायचं हा ठराव गटाकडून आधी करून घ्या आणि नोव्हेंबर संपायच्या आत परत पोचा. गटाचं पहिलंच वाटप असेल तर दिवाळीचा विचारही करू नका.

पेटीला तीन कुलपं असतात, तीन किल्ल्या तीन वेगवेगळ्या सभासदांकडे आणि पेटी चौथ्याच्या घरी. यातली एकही किल्ली तुमच्याकडे नको, एका आठवड्यापुरतीही नको. गावाबाहेरच्या माणसाकडे किल्ली गेली की तो नसताना पेटी उघडत नाही आणि गटाचं काम अडतं. निघायच्या आधी दोन बैठका मागे बसून नुसत्या ऐका. हिशोब मोठ्याने वाचला जातोय का, मागच्या बैठकीची शिल्लक सभासदांना तोंडपाठ आहे का, एवढंच बघा. नसेल तर निघेपर्यंत तेवढंच शिकवा.

आता हापसा. युगांडात ज्याला यू टू म्हणतात तो मुळात आपला इंडिया मार्क टू, ज्याची पाळंमुळं जालना-सोलापूरकडच्या हापशांत आहेत. त्यामुळे दांडा, साखळी, सिलिंडर सगळं ओळखीचं वाटेल. निघायच्या आठवड्यात प्रत्येक हापशाच्या दोन चाचण्या घ्या. पहिली: मिनिटाला 40 या वेगाने हापसून एका मिनिटाचं पाणी मोजा. 10 लिटरच्या खाली आलं तर सिलिंडरमधले वॉशर झिजलेत किंवा पाइपला भोक आहे. दुसरी: अर्धा तास हापसा बंद ठेवा आणि मग पाणी वर यायला किती हात मारावे लागतात ते मोजा. पाचाच्या वर गेले तर खालचा व्हॉल्व्ह गळतोय किंवा पाइपचा सांधा. गॅल्व्हनाइज्ड पाइप आम्लधर्मी पाण्यात लवकर गंजतात. पहाटेच्या पहिल्या पाण्याला लालसर रंग आणि लोखंडी चव असेल तर तेच समजा. साखळीला ग्रीस लावणं आणि नट-बोल्ट आवळणं हे हापसा सांभाळणाऱ्या गावाच्या समितीच्या माणसाकडून तुमच्यासमोर करून घ्या, स्वतः करू नका.

एप्रिलच्या भेटीत एक धोका आहे. पावसात हापसा बंद पडला तर कुणी ओरडत नाही, लोक सरळ ओढ्याकडे आणि डबक्याकडे वळतात, हापशाची महिन्याची वर्गणीही थांबते. म्हणून समितीच्या खजिनदाराला दर आठवड्याला एक फोन किंवा मेसेज करायचं ठरवून या, आणि तालुक्याच्या मेकॅनिकचा नंबर समितीकडे आहे ना ते तपासा. परत जाताना इकडून स्वस्त वॉशर घेऊन जायचा मोह होईल. नेऊ नका. सुटा भाग कुठल्या दुकानात, केवढ्याला मिळतो हे समितीला माहीत असायला हवं. तुमच्या बॅगेतून भाग आला की ती वाट बंद होते.

कागदपत्रांचं थोडक्यात. वर्क परमिट परतीच्या तारखेनंतरही चालू आहे का बघा. विमा भारतात लागू आहे का आणि किती दिवस, हे संस्थेकडून लेखी घ्या. उचल घेतलेली रक्कम पावत्यांसह जमा करूनच निघा. भारतातलं सिम चालू ठेवा, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही. पिवळ्या तापाच्या लसीचं मूळ पिवळं पुस्तक हातातल्या बॅगेत ठेवा. प्रमाणपत्र लशीनंतर 10 दिवसांनी लागू होतं आणि 2016 पासून आयुष्यभर चालतं. ते नसेल तर मुंबईत उतरल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

मलेरियाचं मात्र नीट वाचा. डॉक्सिसायक्लिन ही मलेरिया टाळायची गोळी चालू असेल तर युगांडा सोडल्यावरही 4 आठवडे रोज घ्यायचं असतं, म्हणजे जवळपास अख्खी सुट्टीभर. घरचं जेवण सुरू झालं की गोळी विसरते, आणि हाच सगळ्यात जास्त होणारा घोळ. भारतात आल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि पहिलं वाक्य 'मी युगांडातून आलोय' हे सांगा. इथे तापात प्लेटलेट कमी दिसल्या की आधी डेंग्यू आठवतो, पण फाल्सिपेरम या मलेरियाच्या घातक प्रकारातही त्या उतरतात, आणि उपचाराला दोन दिवस उशीर झाला तरी जिवावर बेतू शकतं. रक्ताची पहिली तपासणी निगेटिव्ह आली तरी 12 ते 24 तासांनी पुन्हा करायला सांगा. व्हिक्टोरिया सरोवरात उतरला असाल तर बिल्हार्झियाची (गोड्या पाण्यातून अंगात शिरणाऱ्या जंतांच्या आजाराची) तपासणी शेवटच्या आंघोळीनंतर किमान 6 ते 8 आठवड्यांनी करा. त्याआधी केली तर लागण असूनही निगेटिव्ह येऊ शकते.

परत जाताना डॉक्सिसायक्लिन विमानाच्या एक-दोन दिवस आधी सुरू करा, मध्ये बंद झालं असेल तर. पोचल्यावर लगेच बैठक बोलावू नका. आधी गटाच्या ठरल्या दिवशी जाऊन पासबुकं बघा, हापशाच्या त्याच दोन चाचण्या घ्या आणि निघतानाच्या आकड्यांशी ताडून पाहा. कुठल्या गटाला, कुठल्या समितीला अजून तुमची गरज आहे ते या आकड्यांवरून कळेल. उरलेल्या महिन्यांचं वेळापत्रक त्यावरूनच आखा.