हसणाऱ्यांत मीही होते

ताई, आम्ही बेळगावातल्या वडगावचे. घर एकत्र आहे. धाकट्या दिरानं दोन वर्षांमागं गोकाककडची मुलगी केली. तिच्या माहेरी कन्नड बोलतात, पण आमच्याशी ती मराठीतच बोलते. गल्लीत आम्हा बारा जणींची भिशी आहे, तीत तिला मीच घेतलं. तिथल्या एक काकू दर वेळी तिची नक्कल करतात. 'ज्याऊबाई', 'माझं चावी हरवलं' असं बोलून दाखवतात आणि सगळ्या हसतात. एकदा मीही हसले. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकू तिच्या देखत म्हणाल्या, "माझ्या भावानं कन्नडसक्तीच्या वेळी लाठ्या खाल्ल्या आणि तुम्ही कानडी उंबऱ्याच्या आत घेतलीत." तेव्हापासून ती भिशीला येत नाही. विचारलं तर "काम आहे, अक्का" म्हणते. परवा माझा आठ वर्षांचा मुलगा तिच्यासमोर तीच नक्कल करत होता. सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा ह्याच काकू तीन रात्री उशाशी बसल्या होत्या. त्यांना कोणत्या तोंडानं बोलू? नवरा म्हणतो, बायकांच्या भानगडी घरात आणू नको.
— एक थोरली जाऊ

अक्का, ती तुम्हाला हाक मारते त्याच नावानं मीही मारते. आपल्या बोलण्यात हा शब्द कन्नडमधूनच आलाय, अण्णाही तिकडूनच आला.

तुम्ही हसलात हे तुम्ही लपवलं नाही, म्हणून तुमच्याशी सरळ बोलता येतंय. काकूंचं बोलणं तिला लागलंच असेल. पण त्या बारा जणींत तिच्या ओळखीचं, घरचं माणूस एकच होतं. नक्कल झाली तेव्हा तिनं तुमच्याकडं पाहिलं असेल. माझ्या मते तिची भिशी तिथंच सुटली, हळदीकुंकू नंतरचं.

त्यामुळं काकूंकडं नंतर जा, आधी तिच्याकडं. दोघीच असाल तेव्हा, भाकऱ्या थापताना म्हणा नाहीतर कपडे वाळत घालताना. "त्या दिवशी मी हसले, ते चुकलं माझं." एवढंच. "काकूंचा स्वभावच तसा", "मनावर घेऊ नकोस" असलं काही पुढं जोडू नका, कारण तसं म्हटलं की सोसायचं काम पुन्हा तिच्याच गळ्यात पडतं. साडी-बिडी देऊन भरपाई करायलाही जाऊ नका. ती "जाऊ दे हो अक्का" म्हणेल, नव्या घरातली मुलगी दुसरं काय म्हणणार? तरी तुम्ही बोला.

मुलालाही तिच्यासमोरच सांगा की हे आईकडून चुकलं आणि तूही करायचं नाहीस. आठव्या वर्षी पोरं आवाज पटकन उचलतात, पण आई कुणाची बाजू घेते हेही त्यांना तेवढंच पटकन कळतं.

ती जे 'चुकते' त्याबद्दल थोडं सांगते, कारण मला वाटतं भिशीतल्या बायकांनी ह्याचा कधी विचारच केला नसेल. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. चावी, कुलूप, दरवाजा, तिन्हींना एकच नियम. आपल्याकडं ती चावी, ते कुलूप, तो दरवाजा. का, ते आपल्यालाही सांगता येत नाही, लहानपणापासून कानावर पडलं म्हणून येतं. तसंच 'ज'चं. 'जाऊ'मधला ज वेगळा आणि 'जेवण'मधला वेगळा, पण लिहिताना अक्षर एकच. चहा आणि चूल ह्यांचंही तेच. तिनं वाचून मराठी पक्की करायची म्हटली तरी पुस्तक तिला हा फरक दाखवणार नाही. आणि आपण कन्नड बोलतो तेव्हा? तिथं ऱ्हस्व ए वेगळा, दीर्घ ए वेगळा, ओचंही तसंच, आणि आपण सगळं एकाच मापानं बोलून मोकळे होतो. तिच्या माहेरी तुम्ही कधी गेलात आणि दोन वाक्यं कन्नडमध्ये बोललात, तर तिची आई तुमची नक्कल करेल का?

माझ्या बाबतीत एकदा असं झालंय. एका कार्यालयात मी अर्ज घेऊन उभी होते. मराठीत अर्ज नव्हता म्हणून जमेल तसं कन्नडमध्ये विचारलं. खिडकीपलीकडच्या माणसानं माझं वाक्य माझ्याच सुरात मोठ्यानं म्हणून दाखवलं आणि आतले तिघे हसले. मला वयाची चाळिशी उलटल्यावर रडू आलं. रांगेत माझ्यामागं एक म्हातारे गृहस्थ होते, धोतर, डोक्याला पटका. ते शांतपणे त्याला म्हणाले, "अवर केलसा माडि कोड्री." त्यांचं काम करून द्या. बस्स, एवढंच. हसणं थांबलं, अर्ज झाला. मला त्यांचं नावही माहीत नाही, पण त्या कार्यालयावरून जाताना आजही मला त्या खिडकीच्या आधी ते आठवतात. तुमच्या भिशीत असं एक वाक्य कुणीच बोललं नाही.

आता काकू. त्यांच्या भावाच्या लाठ्या खोट्या नाहीत, आणि मी ते दुखणं हलकं लेखणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हापासून आपण सीमेच्या ह्या बाजूला, कर्नाटकाकडं आहोत. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्ध माणसं रस्त्यावर उतरली, काही परत आली नाहीत. हिंडलग्याला त्यांचं स्मारक आहे. महाराष्ट्रानं २००४ मध्ये ह्या सीमाभागासाठी सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तो अजून तिथंच आहे. हे सगळं सरकारांशी आणि कायद्याशी चाललेलं भांडण आहे, ते जरूर चालवावं. पण गोकाककडच्या ह्या मुलीनं सीमा आखली नाही, कुणावर लाठी उगारली नाही. १९८६ मध्ये ती जन्मलीही नसेल. उलट कुणीही सक्ती न करता ती मराठी शिकली. आपल्या बोलीसाठी जो मान आपण सत्तर वर्षं मागतोय, तो तिला आपल्या ओसरीवरही मिळाला नाही. मला ह्याची लाज वाटते.

काकूंच्या घरी जा, एकट्या जा. चारचौघींत सुनावलंत तर त्या हट्टाला पेटतील. आधी उपकार बोलून दाखवा: "सासूबाईंसाठी तुम्ही तीन रात्री जागलात, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही." मग सांगा, "पण तिची नक्कल आता माझ्यासमोर करू नका. ती माझी जाऊ आहे." काकूंचं ऋण तुमच्यावर आहे. त्यांच्या आजारपणात तुम्ही चार रात्री जागून ते फेडा. धाकटीच्या अपमानातून ते फिटत नाही. माणूस एका दारात माउली आणि दुसऱ्या दारात कठोर असू शकतं, म्हणून काकूंना वाईट ठरवण्याची घाई मी करणार नाही. शक्य आहे की त्या ऐकतील. नाही ऐकलं आणि पुढच्या भिशीत पुन्हा सुरू झाल्या, तर तिथल्या तिथं, आवाज न चढवता, "काकू, पुरे" म्हणा. बघा, आणखी दोघी-तिघी तुमच्या बाजूनं बोलतील. अशा ठिकाणी निम्म्या बायका भीतीनंच हसत असतात.

धाकटीला भिशीला परत चल म्हणून ओढू नका. यायचं की नाही ते तिचं तिनं ठरवू दे. मात्र तिचा नंबर लागायचा राहिला असेल, तर तिनं भरलेले पैसे बुडता कामा नयेत. तुम्ही तिला आणलंत, तेव्हा हिशेबाला तुम्हीच उभ्या राहा. एवढं करूनही काही बदललं नाही, तर चालू फेरी पूर्ण करा, कुणाचे पैसे अडकवू नका, आणि पुढच्या फेरीत नाव घालू नका. कारण विचारलं तर खरं कारण सांगा.

दिराला ह्यात पुढं करू नका, तो काकूंच्या मुलांशी भांडेल आणि बोल पुन्हा तिच्यावरच येईल. नवऱ्याला मात्र सांगा की ही भानगड आपण घरात आणलेली नाही, आपलं पोरगंच ती घेऊन आलंय.

पुढची भिशी कधी आहे ते तुम्ही लिहिलं नाही. त्याच्या आत तिच्याशी बोला, जमलं तर आज संध्याकाळीच.